पाण्याखालचें अर्धें जहाज

गेटवे ऑफ इंडियाच्या कठड्याशीं उभा राहिलेला मनुष्य समोर नांगरलेलीं जहाजें मोजतो, त्यांचीं निशाणें, रंग आणि धुराडीं पाहतो व जहाजें पाहिलीं असें समजून घरीं जातो. वास्तविक त्यानें पाहिलेलीं असतात तीं अर्धीं जहाजें. मालानें पुरतें भरलेलें एखादें मोठें तेलवाहू जहाज २० मीटरांहून अधिक खोल पाण्यांत बसतें. म्हणजे सहा-सात मजल्यांची एखादी चाळ पाण्यांत बुडवावी, तेवढें. या बुडालेल्या भागाच्या जिवावरच वरचा भाग तरतो, आणि नेमका तोच कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. कप्तानास दिसत नाहीं, खलाशांस दिसत नाहीं. मालकास तर वरचा भागहि क्वचितच दिसतो.

कोंकणांतल्या मच्छीमाराची अडचण अशी नसते. पावसाळा तोंडाशीं आला कीं तो आपली होडी ओंडक्यांवरून वाळूंत ओढून घेतो, तिला झांपांनीं शाकारतो, आणि नारळी पौर्णिमेस पुन्हां पाण्यांत लोटीपर्यंत तिच्या तळाशीं त्याचा रोजचा परिचय असतो. कोठें फळी सुटली, कोठें किड्यानें घर केलें, हें त्यास डोळ्यांआधीं बोटांनीं कळतें. पण होडी चार माणसांस ओढतां येते. ३०० मीटर लांबीचें जहाज कोणी वाळूंत ओढूं शकत नाहीं. मग त्याचा तळ पाहावयाचा कोणी आणि कसा?

लांकडी जहाजांच्या काळीं याचे मुख्यतः दोन मार्ग होते. पहिला मार्ग सुक्या गोदीचा. जहाज आंत घ्यावयाचें, दरवाजे लावावयाचे, पाणी काढून टाकावयाचें आणि मग तळाखालून सरळ चालत जावयाचें. मुंबईस अशी गोदी १७५० सालीं बांधली गेली, व ती आशिया खंडांतील पहिली समजली जाते. दुसरा मार्ग घाईचा होता. जहाजावरील वजन एका अंगास सारून तें मुद्दाम कलतें करावयाचें, म्हणजे दुसरें अंग थोडें पाण्याबाहेर येतें. तेवढ्यांत सुतारांनीं आपलें काम उरकावयाचें. हा मार्ग स्वस्त होता. किती स्वस्त, तें इंग्लंडांत पोर्ट्स्मथजवळ स्पिटहेड येथें २९ ऑगस्ट १७८२ या दिवशीं दिसून आलें.

'रॉयल जॉर्ज' हें शंभर तोफांचें आरमारी जहाज तेथें नांगरून होतें. तें लढाऊ होतें, व्यापारी नव्हतें. पण तळाच्या बाबतींत समुद्र असा भेद करीत नाहीं. पाण्याच्या रेषेखालीं, समुद्राचें पाणी आंत घेण्याची एक तोटी नादुरुस्त झाली होती. तेवढ्यासाठीं एका बाजूच्या तोफा बाहेर सारल्या, दुसऱ्या बाजूच्या मध्यभागीं ओढल्या आणि जहाज कललें. बंदरांतला मुक्काम, म्हणून जहाजावर खलाशांच्या बायका होत्या, मुलें होतीं, फेरीवाले होते. कललेल्या बाजूस एक लहान गलबत लागून त्यावरून दारूचीं पिंपें वर चढत होतीं. खालच्या तोफांच्या खिडक्यांच्या उंबऱ्याशीं पाणी येऊन ठेपलें. जहाजावरील सुतारानें वर जाऊन अधिकाऱ्यास दोनदां सावध केलें आणि दोनदां त्याचें म्हणणें उडवून लावण्यांत आलें, असें बचावलेल्यांपैकीं एकानें पुढें सांगितलें. त्यानंतर खिडक्यांतून पाणी आंत शिरलें. थोड्याच वेळांत जहाज तळास गेलें. त्याबरोबर आठशेंहून अधिक माणसें गेलीं. ॲडमिरल केंपेन्फेल्ट आपल्या खोलींत होता, तोहि गेला. आरमारी न्यायालयानें अधिकाऱ्यांस निर्दोष ठरविलें आणि जहाजाचीं लांकडें कुजलेलीं होतीं असा निष्कर्ष काढला. लांकडांस आपली बाजू मांडतां येत नाहीं, हें त्यांचें दुर्दैव!

एक तोटी, आणि तिच्यापायीं आठशें जीव. आज अशा कामास जहाज तसूभरहि कलतें करावें लागत नाहीं. एक पाणबुड्या खालीं उतरतो, बाहेरून भोंक बुजवितो आणि आंतून तोटी काढली जाते. परंतु असा पाणबुड्या त्या वेळीं अस्तित्वांतच नव्हता. तो घडला पुढच्या शतकांत, आणि योगायोग असा कीं, बराचसा याच 'रॉयल जॉर्ज'च्या सांगाड्यावर घडला.

चार्ल्स आणि जॉन डीन या दोघां इंग्रज भावांपैकीं थोरल्या चार्ल्सनें १८२३ सालीं आगीच्या धुरांत शिरण्यासाठीं एका शिरस्त्राणाचें पेटंट घेतलें होतें. नळीनें बाहेरची हवा आंत सोडावयाची, एवढीच कल्पना. जें धुरांत चालतें तें पाण्यांत कां चालूं नये, असा प्रश्न दोघां भावांस पडला व त्यांनीं तें पाण्यांत नेलें. उणीव एवढीच होती कीं, शिरस्त्राण खालून उघडें होतें. पाणबुड्या ताठ उभा असेल तोंवर ठीक. तो वांकला किंवा आडवा झाला कीं पाणी नाकातोंडांत. जहाजाचा तळ तपासणाऱ्यास तर मान वर करून, अंग वांकवूनच काम करावें लागतें. ऑगस्टस सीबे या लंडनांत स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरानें शिरस्त्राण जलाभेद्य पोषाखास घट्ट जोडून ही उणीव भरून काढली. १८३९ पासून कर्नल पॅस्ली यांच्या लष्करी इंजिनियरांनीं 'रॉयल जॉर्ज'चे अवशेष सुरुंग लावून फोडले, तेव्हां सीबेचा हा बंद पोषाख कसास उतरला. पुढें शंभर वर्षें त्यांत फारसा फरक झाला नाहीं. तांब्याचें शिरस्त्राण, छातीवर व पाठीवर शिशाचीं वजनें, पायांत शिशाचे जोडे, असा एकूण ऐंशी किलोंच्या आसपास भार अंगावर घेऊन मनुष्य खालीं जाई. वर दोघेजण हातपंपानें हवा भरीत आणि तिसरा हातांत दोरी धरून बसे. दोरीच्या हिसक्यांची एक भाषा ठरलेली असे. पाणबुड्याचा जीव त्या तिसऱ्या माणसाच्या मनगटांत असे, आणि आजहि तो बहुतांशीं तेथेंच आहे.

तळाशीं जाऊन पाहावयाचें तरी काय? पहिली गोष्ट, समुद्र तेथें आपला संसार थाटतो. स्वच्छ तळ पाण्यांत सोडल्यापासून थोड्याच दिवसांत त्यावर बुळबुळीत थर धरतो, मग शेवाळ येतें, मग चुन्याच्या कवचाचे बार्नेकल नांवाचे जीव कायमचे चिकटतात. चिकटण्यांत त्यांची बरोबरी करणारें दुसरें प्राणी क्वचित् सांपडतील. यामुळें जहाजाचा वेग घटतो व इंधन वाढतें. नुसता अर्धा मिलिमीटर जाडीचा बुळबुळीत थर निम्म्या तळावर पसरला, तरी जहाजाचा धूर सुमारें पाव हिश्शानें वाढूं शकतो, असा अलीकडचा हिशेब आहे. लांकडी जहाजांस तर याहून मोठा शत्रु होता: लांकूड आंतून पोखरणारा समुद्रकिडा. बाहेरून फळी साजरी दिसे आणि आंत नुसतें जाळें.

यावर इंग्रजी आरमारानें १७६१ सालीं 'अलार्म' नांवाच्या जहाजाच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. दोन वर्षांनीं तळ तपासला, तेव्हां किडा हरला होता, पण एक नवेंच संकट उभें राहिलें होतें. तांब्याच्या सान्निध्यांतले लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यांत झिजून गेले होते. आणि पत्र्याच्या वेष्टणाचा जाडा कागद जेथें चुकून शाबूत राहिला होता, तेथले खिळे मात्र ठणठणीत होते. तांबें, लोखंड व खारें पाणी यांचें हें वैर विजेचें आहे, हें तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें. तें ओळखलें सर हंफ्री डेव्ही यांनीं. १८२४ सालीं त्यांनीं सुचविलें कीं, तांब्याच्या पत्र्यांस लोखंडाचे किंवा जस्ताचे ठोकळे जोडावे, म्हणजे ठोकळे झिजतील आणि तांबें वांचेल. प्रयोग झाला. तांबें खरोखरच वांचलें. पण जहाजें परत आलीं तीं शेवाळानें व बार्नेकलांनीं लडबडलेलीं! तांबें थोडें थोडें विरघळून पाण्यांत उतरत होतें, म्हणूनच तर जीव त्यावर टिकत नव्हते. त्याचें झिजणें थांबविलें आणि त्याचा गुणहि थांबला. आरमारानें डेव्हींची योजना गुंडाळून ठेवली. विद्वानाचें अनुमान चुकलें नव्हतें. तळाशीं काय चाललें आहे याचें अर्धेंच चित्र त्याच्यापुढें होतें. आज पोलादी जहाजांच्या तळास जस्ताचे अथवा ॲल्युमिनियमचे जे ठोकळे बसवितात, ते डेव्हींच्याच ठोकळ्यांचे वंशज आहेत, आणि ते किती झिजले हें पाहणें हें पाणबुड्याचें एक नित्याचें काम आहे.

विषारी रंगांची कथाहि अशीच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कथिलाच्या एका संयुगाचा रंग इतका गुणकारी ठरला कीं तळ वर्षानुवर्षें स्वच्छ राहूं लागला; मात्र फ्रान्सच्या आर्काशों खाडींतील कालवें विद्रूप होऊं लागलीं. २००१ सालीं त्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला व २००८ पासून तो अमलांत आला. विष गेलें, घासणें आलें, आणि पाणबुड्यांचें काम वाढलें.

आतां एका वेगळ्याच तपासणीकडे वळावयाचें, कारण तळाशीं जाणाऱ्यास नेहमीं शिंपलेच सांपडतात असें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत इटलीच्या आरमारानें पाण्याखालून पोहत जाऊन जहाजांच्या तळास सुरुंग लावणारीं पथकें तयार केलीं होतीं. जिब्राल्टरच्या उपसागरांत दोस्तांचीं मालवाहू जहाजें नांगरून असत, त्यांवर त्यांचा रोंख होता. १९४२ च्या अखेरीपासून तेथें लायोनेल क्रॅब नांवाचा ब्रिटिश अधिकारी व त्याचे मोजके सोबती या जहाजांचे तळ तपासूं लागले. त्यांच्यापाशीं धड पोषाखहि नव्हता. पाणबुडींतून जीव वांचवून बाहेर पडण्यासाठीं बनविलेलें श्वसनयंत्र छातीशीं बांधावें, अंगांत पोहण्याची चड्डी, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि थंड काळ्या पाण्यांत तळावरून हात फिरवीत जावें! हातास गोल, थंड, अपरिचित कांहीं लागलें, तर तें काढावयाचें. खालीं त्याची घटिका किती उरली आहे हें सांगणारें कोणी नसे.

शत्रु येत होता कोठून, हें मात्र इटली शरण येईपर्यंत उमगलें नाहीं. उपसागराच्या पलीकडे स्पेनच्या अल्हेसिरास बंदरांत 'ओल्टेरा' नांवाचें एक इटालियन तेलवाहू जहाज निरुपद्रवीपणें पडून होतें. त्याच्या पोटांत कारखाना थाटलेला होता, आणि पाण्याखालच्या बाजूस पत्रा कापून एक दार केलेलें होतें. त्यांतून माणसांसह छोटीं पाणतीर-वाहनें बाहेर पडत. सारे तळ तपासले गेले, एक सोडून. तो तटस्थ देशाच्या पाण्यांत होता.

१९४३ च्या उन्हाळ्यांत तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर लुइजी फेरारो हा इटालियन अधिकारी वकिलातीचा कारकून म्हणून मिरवीत होता आणि रात्रीं पोहत जाऊन क्रोमची माती नेणाऱ्या व्यापारी जहाजांस सुरुंग लावीत होता. हे सुरुंग जहाज चालूं लागून कांहीं अंतर गेल्यावर मगच जागे होत. म्हणजे जहाज भर समुद्रांत बुडावें आणि कारण कोणास कळूं नये. कांहीं जहाजांची गत तशी झाली. मर्सिन बंदरांतील 'सिसिलियन प्रिन्स' मात्र वांचलें. निघण्यापूर्वीं त्याचा तळ तपासला गेला आणि सुरुंग सांपडले. त्या जहाजावरील खलाशी नंतर म्हातारे झाले असतील, नातवंडांत रमले असतील. तें सारें बंदर सोडण्याआधींच्या त्या तपासणीवर उभें होतें.

शांततेच्या काळांत तपासणीचा नियम कागदावर लिहिलेला आहे. मालवाहू जहाजाचा तळ पांच वर्षांत निदान दोनदां बाहेरून पाहिला गेला पाहिजे, आणि दोन तपासण्यांत ३६ महिन्यांहून अधिक अंतर पडतां कामा नये. प्रवासी जहाजाचा तळ दरवर्षीं पाहावा लागतो. गोदींत जाणें म्हणजे दिवसचे दिवस कमाई बंद. म्हणून सर्वसाधारणपणें पंधरा वर्षांच्या आंतील जहाजांस, कांहीं अटींवर, दोहोंपैकीं एक तपासणी पाण्यांत तरंगत असतांनाच करून घेण्याची सवलत मिळते. जहाजाच्या सुस्थितीचा दाखला देणाऱ्या संस्था असतात. लंडनची लॉइड्स रजिस्टर १७६० ची, मुंबईची इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग १९७५ ची. त्यांचा निरीक्षक येतो. पण तो पाण्यांत उतरत नाहीं! तो वर होडींत कोरड्या कपड्यांनिशीं पडद्यासमोर बसतो. उतरतो पाणबुड्या, आणि दाखल्यावर सही होते निरीक्षकाची. या व्यवसायाची सारी नाजूक जागा येथें आहे.

आजच्या पाणबुड्याच्या शिरस्त्राणावर दिवा व कॅमेरा असतो. हवेची नळी, बोलण्याची तार आणि जीवनदोरी एकत्र वळून केलेली जाड नाळ त्यास वरच्या माणसांशीं जोडून ठेवते. होडीवर पांढरें-निळें निशाण लागतें, त्याचा अर्थ असा कीं, येथें खालीं मनुष्य आहे, दुरून आणि सावकाश जा. पण त्याआधीं जहाजावर एक काम व्हावें लागतें. मुख्य यंत्र, पंखा, सुकाणू आणि समुद्राचें पाणी ओढणारे पंप बंद करून त्यांस कुलपें घालावयाचीं व तशी लेखी कबुली द्यावयाची. हें केवळ सोपस्कार नव्हे. तळास जाळीदार खिडक्या असतात, त्यांतून यंत्रें थंड ठेवण्यासाठीं पाणी आंत ओढलें जातें. पंप चालूं असतां एखाद्या पाणबुड्याचा हात किंवा पाठ त्या जाळीवर चिकटली, तर कितीहि ताकदीचा मनुष्य स्वतःस सोडवूं शकत नाहीं. पाणी त्यास धरून ठेवतें. आणि कोणी अजाणतां पंख्याचें यंत्र फिरविलें, तर बोलावयासच नको. याच जाळ्यांच्या आंत चोरट्या मादक पदार्थांचीं गाठोडीं दडविलेलीं सांपडतात, म्हणून अलीकडे पोलिसांचे पाणबुडेहि तेथें डोकावतात.

स्वच्छ पाण्याच्या बंदरांत काम सुखाचें. मुंबईसारख्या गाळाच्या पाण्यांत पसरलेला स्वतःचा हात दिसत नाहीं. दिवा लावला तर गाळच उजळतो, जसें दाट धुक्यांत मोटारीचे दिवे. मग स्वच्छ पाण्यानें भरलेली पारदर्शक पिशवी कॅमेरा आणि पत्रा यांच्यामध्यें दाबून धरावी लागते, म्हणजे वीतभर जागा दिसते. ३०० मीटर लांबीचें जहाज वीत-वीत पाहावयाचें! बाकी सारें हातानें. सपाट तळाखालीं वर पाहिलें तर काळें छत, खालीं चिखल, आणि दोहोंमध्यें कधीं कधीं पुरुषभरहि जागा नाहीं. डावें-उजवें, पुढें-मागें कांहींच उमजत नाहीं. पत्र्यांच्या जोडाची वेल्डिंगची शिवण हीच त्याची पाऊलवाट. ती बोटांनीं चाचपीत तो जातो आणि नाळेचा आधार धरून परत येतो. ओहोटी लागली कीं छत खालीं येऊं लागतें. म्हणून जाणते लोक अमावास्या-पौर्णिमेचें उधाण टाळून अष्टमीच्या सुमाराचे भांगाचे दिवस निवडतात, आणि भरती संपून ओहोटी लागण्यापूर्वीं पाणी क्षणभर थबकतें तेवढा अवधि साधतात.

पाहावयाच्या वस्तूंची यादी ठरलेली असते: पत्र्यांचे पोचे व तडे, पंख्याचीं पातीं, सुकाणूच्या बिजागरींतील सैलपणा, पंख्याच्या दांड्याभोंवतीं गुरफटलेलीं कोळ्यांचीं जाळीं, ठोकळ्यांची झीज. यांत आतां परक्या जिवांची भर पडली आहे. १९९९ सालीं ऑस्ट्रेलियांत डार्विन येथें पाहणी करणाऱ्या पाणबुड्यांस अमेरिका खंडांतून आलेली एक काळ्या पट्ट्यांची शिंपली आढळली, आणि ती पसरूं नये म्हणून तीन धक्के बंद करून पाण्यांत औषध ओतावें लागलें. तीच शिंपली विशाखापट्टणमच्या व मुंबईच्या गोद्यांत केव्हांच वस्तीस आलेली आहे. २०२२ च्या अखेरीस 'वायकिंग ओरायन' या प्रवासी जहाजास ॲडिलेड बंदरांत शिरूं दिलें नाहीं, कारण त्याच्या तळावर अशी वाढ होती. पाणबुड्यांनीं बंदराबाहेर समुद्रांत तळ घासून काढीपर्यंत नाताळच्या सुटीस निघालेले शेंकडों प्रवासी ठरलेलीं बंदरें सोडून पाणीच पाहत राहिले.

पाण्याखालीं चालणारीं यंत्रेंहि आतां आलीं आहेत. दोरीच्या टोंकास बांधलेलें यंत्र कॅमेरा घेऊन फिरतें, थकत नाहीं, आणि पंपानें धरलें तर विधवा होणारें कोणी मागें नसतें. स्वच्छ पाण्यांत तें माणसाच्या तोडीचें काम करतें. पण गाळांत जेथें कॅमेराच आंधळा, तेथें बोटांच्या अग्रांची जागा त्यानें अद्याप पुरती घेतलेली नाहीं. शेवाळाखालचा केसाएवढा तडा नखास जसा अडतो, तसा यंत्रास अडावयास अजून अवकाश आहे.

काम संपल्यावर पाणबुड्या वर येतो, शिरस्त्राण उतरवितो, गरम चहा घेतो. निरीक्षक जहाजाचा आराखडा पुढें पसरतो व पेन्सिलीनें खुणा करूं लागतो. येथें पोचा, येथें रंग उडालेला, हा ठोकळा निम्मा झिजलेला. उजव्या अंगाच्या एका पट्ट्यावर पेन्सिल येते आणि पाणबुड्या म्हणतो, "हा भाग पाहतां आला नाहीं. पाणी ओढत होतें, गाळ फार होता." जहाज उद्यां सुटावयाचें असतें, मालकाचा मुनीम होडींत बसून घड्याळाकडे पाहत असतो, आणि 'ठीक आहे' एवढे दोनच शब्द उच्चारले असते तर सारेच घरीं गेले असते. निरीक्षक त्या पट्ट्यावर रेघोट्या मारतो, सही न करतां आराखड्याची गुंडाळी करतो आणि पाणी पुन्हां केव्हां थबकणार हें पाहण्यासाठीं भरती-ओहोटीचें कोष्टक उघडतो.